सदनिका : गुंतवणूक म्हणून

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाडे आणि भाववाढ यांवर नजर ठेवून घेतलेले घर. ‘तेव्हा फ्लॅट एवढ्याला घेतला, आज एवढे मिळतील’ या दोन आकड्यांत महाराष्ट्रात तिचा नफा सांगितला जातो. मधली वर्षे आणि वरखर्च या हिशेबात सहसा येत नाहीत.

नमुन्यादाखल पुणे महापालिका हद्दीतली, बांधकाम चालू असलेली 80 लाखांची सदनिका धरू. पुरुष खरेदीदाराला 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5.60 लाख, नोंदणी फी 30 हजार आणि 5 टक्के जीएसटीचे 4 लाख लागतात. घर पडते 89.90 लाखांना. ताब्यानंतर महिना 22 हजार भाडे आले आणि वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, तर जमा 2.42 लाख. त्यातून 36 हजार मेंटेनन्स आणि 20 हजार मिळकतकर वजा केला की उरतात 1.86 लाख, म्हणजे घातलेल्या पैशावर जेमतेम 2 टक्के. सारी भिस्त मग भाववाढीवर. तीच सदनिका दहा वर्षांनी 1.60 कोटींना गेली, तर भाव दुप्पट झाल्याचे पेढे वाटले जातात. भाडे बाजूला ठेवल्यास ही वाढ वर्षाला 6 टक्क्यांच्या आतच असते, तीही दलाली आणि करापूर्वी.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असताना घर स्वस्त मिळते, पण ती सूट म्हणजे ताबा लांबण्याच्या धोक्याचे मोल असते. ताबा रखडला की भाडे सुरू होत नाही, कर्जाचे व्याज मात्र चालू राहते. 2016च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. उशिराबद्दल व्याजही मिळते. मात्र या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा, म्हणजे महारेराचा, आदेश हाती येणे वेगळे आणि पैसे येणे वेगळे: विकासकाने रक्कम दिली नाही, तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते.

कागदांतला धोका याहून खोल. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात मंजुरीपेक्षा जास्त चढवलेल्या मजल्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये संरक्षण नाकारले. तिथली बिऱ्हाडे 1980च्या दशकापासूनची. इतकी वर्षे राहिल्याने मजले कायदेशीर ठरले नाहीत.

निकड पडली तर सोने मोडता येते. सदनिकेतली एक खोली तेवढी विकता येत नाही. गिऱ्हाईक मिळून व्यवहार पुरा व्हायला महिने जातात. भाडेकरू बसलेला असेल तर आणखी.

जुन्या इमारतीत घर घेताना नळ आणि फरशी बघणारे पुष्कळ, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे, झाले का हे विचारणारे थोडे. ते झाले नसेल तर जमीन विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावरच राहते आणि पुनर्विकासाची वेळ आली की तिथेच घोडे अडते. अशी जमीन नावावर करून घेण्यासाठी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो.