काशीची बर्फाची परळे आणि हिवाळी टायर

वाराणसीत बर्फ पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, धुक्यात गंगेचा पलीकडचा काठ दिसेनासा होतो, गाड्या उशिरा धावतात. पण हिमवर्षाव नाही. तरीही बर्फाळ रस्त्यावर गाडी का घसरते आणि तिथे कोणते टायर हवेत, हे समजावून सांगताना मी गेली काही वर्षे सुरुवात काशीपासूनच करतो. याला कारण एक घडलेला प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही मुलांना घेऊन हिमाचलात अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. पहाटेची वेळ, भाड्याची गाडी, आभाळ निरभ्र. रस्ता काळा, ओलसर दिसत होता. बर्फाचा मागमूस नव्हता. गाडीतला तापमापक ३ अंश दाखवत होता. एका लहान पुलावर चढताच गाडी आडवी झाली आणि कठड्याला घासत थांबली. कुणाला इजा झाली नाही. टायर जवळजवळ नवे होते, नक्षी खोल होती. खाली उतरलो तेव्हा पुलावर उभे राहता येईना. एका विद्यार्थ्याने तिथेच विचारले, "सर, तीन अंशाला पाणी गोठतं कसं?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये मिळाले, आणि त्यामागचा पुरावा आपल्या गंगेच्या खोऱ्यातून गेला होता.

सन १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या नियतकालिकात सर रॉबर्ट बार्कर याचा एक लेख छापून आला. विषय होता हिंदुस्थानात बर्फ कसा तयार करतात. बार्कर हा कंपनीचा लष्करी अधिकारी, आणि त्याने पाहिलेली पद्धत अलाहाबादची, म्हणजे आजच्या प्रयागराजची. मोकळ्या माळावर सुमारे ३० फूट चौरस आणि २ फूट खोल खड्डे खणत. तळाशी उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या धाटांचा ८ ते १२ इंच जाड थर पसरत. त्यावर बिनझिलईची, पातळ, जेमतेम सव्वा इंच खोल अशी मातीची परळे एकमेकांना लागून मांडत. संध्याकाळी त्यांत उकळून निवलेले पाणी ओतत आणि पहाटे सूर्य उगवण्याआधी येऊन बर्फाच्या चकत्या गोळा करत. मग हा बर्फ गवत आणि जाड कांबळी लावलेल्या खोल विहिरीसारख्या खड्ड्यात ठोकून भरायचा आणि उन्हाळ्यात वापरायचा. त्या भागात डबक्यांत किंवा तळ्यांत नैसर्गिक बर्फ कधी दिसत नसे, हेही बार्करने नोंदवले आहे. पाणी तेच, रात्र तीच. परळात गोठते आणि डबक्यात गोठत नाही.

पुढे १७९३ मध्ये त्याच नियतकालिकात जॉन लॉइड विल्यम्स याने खास बनारसच्या बर्फाविषयी लिहिले. (योगायोग असा की, या दोघांनीही मानमंदिर घाटावरच्या वेधशाळेविषयीही त्याच नियतकालिकात लिहिले आहे. काशीला येणाऱ्या जिज्ञासू साहेबाला तेव्हा आकाशातले आणि जमिनीवरचे, दोन्ही नवल पाहावेसे वाटे.) विल्यम्सच्या मते बर्फ होण्याचे कारण बाष्पीभवन. परळ सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपते, उडते, आणि माठातल्यासारखे गार होते. हे उत्तर आजही वर्गात दहापैकी आठ जण देतात, आणि ते प्रामुख्याने चुकीचे आहे.

चूक दाखवली विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने. दवाविषयीचा त्याचा निबंध १८१४ चा. लंडनजवळच्या बागेत तो रात्र-रात्र जागून लोकरीचे पुंजके आणि तापमापक घेऊन बसे. आभाळ स्वच्छ आणि हवा स्थिर असेल, तर गवताचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो, हे त्याने मोजून दाखवले. पृष्ठभाग आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे सोडतो, म्हणून तो थंड होतो. मग तो हिंदुस्थानी बर्फाकडे वळला. बाष्पीभवन हेच कारण असते, तर वारा सुटल्यावर बर्फ जास्त व्हायला हवा; पण वारा आला की बर्फ होत नाही. ओल्या पाचटाने मदत व्हायला हवी; पण पाचट कोरडेच लागते, ओले झाले तर बदलावे लागते. ढग आले की सगळी मेहनत वाया. या तिन्ही गोष्टी बर्फ करणाऱ्या मजुरांना ठाऊक होत्या, त्यांच्याकडूनच त्या साहेबांच्या लेखांत गेल्या. सिद्धांत वेल्सचा; पण ज्या निरीक्षणांवर तो तोलला गेला, ती ज्यांची होती त्यांतल्या एकाचेही नाव त्या लेखांत नाही. विज्ञानाचा इतिहास शिकवताना मला ही गोष्ट दरवर्षी खटकते.

आता थोडे गणित करू. शून्य अंशाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे ३१५ वॉट उष्णता बाहेर टाकतो. निरभ्र, कोरड्या आकाशाकडून त्याला साधारण २४५ वॉट परत मिळतात असे धरू. निव्वळ तोटा ७० वॉट. आठ तासांत हे वीस लाख ज्यूल होतात. एक किलो पाणी गोठायला ३,३४,००० ज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे शून्याला आलेल्या पाण्यावर रात्रभरात सुमारे ६ मिलिमीटर बर्फ धरेल. जमीन आणि हवा काही उष्णता परत देतात, म्हणून प्रत्यक्षात कमी. जमिनीची उष्णता अडवायला ते पाचट! बनारसच्या परळाचे सारे रहस्य एवढेच आहे.

हेच गणित रस्त्यावर साचलेल्या ०.१ मिलिमीटर ओलाव्याला लावा. गोठायला लागतात सुमारे ४८० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे. हवा ३ अंश असली तरी रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली गेलेला असू शकतो. आणि पूल? त्याच्या खाली जमीनच नाही, त्यामुळे खालून उष्णता मिळत नाही. परळाखालच्या पाचटाचे काम पुलाखालची हवा करते. आमची गाडी रस्त्यावर सरळ चालली आणि पुलावर घसरली, त्याचे कारण हे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना यासाठी हिमाचलात जायला नको. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात आणि लिंगमळ्यात थंडीच्या कडाक्यात जीपच्या टपावर आणि पानांवर दव गोठते, तेव्हा गावातला तापमापक शून्याच्या बराच वर असतो.

पण बर्फ घसरडा का? जुन्या पुस्तकांत उत्तर असते दाबाचे: दाबाने बर्फ वितळतो. जेम्स थॉमसनने १८४९ मध्ये दाबामुळे गोठणबिंदू उतरतो हे मांडले, ते खरेच आहे. पण एक अंश उतरवायला सुमारे १३५ बार दाब लागतो. मोटारीचा टायर रस्त्यावर दोन-अडीच बारनेच टेकतो. फरक पडेल ०.०२ अंशाचा. केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूजेस यांनी १९३९ मध्ये घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेकडे बोट दाखवले. आपल्या कामाचा मुद्दा असा की शून्याच्या आसपासचा बर्फ सर्वांत निसरडा. उणे वीसचा बर्फ त्या मानाने पकड देतो.

टायरवाल्यांनी या निसरड्याशी तीन मार्गांनी झुंज दिली. पहिला, टोचण्याचा. अमेरिकेत हॅरी वीड याने १९०४ मध्ये चाकाला गुंडाळायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. आपल्याकडे उंच खिंडींकडे जाणारे ट्रकवाले आजही साखळ्या बाळगतात. पुढे टायरमध्येच लोखंडी खिळे बसवले गेले. त्यांनी रस्ते खरवडले, आणि जपानच्या शहरांत त्याची धूळ लोकांच्या फुप्फुसांत जाऊ लागली, तेव्हा १९९० मध्ये कायद्याने त्यांवर निर्बंध आले. दुसरा मार्ग नक्षीचा. फिनलंडमधल्या कारखान्याने (आजची नोकियान) १९३४ मध्ये ट्रकसाठी आणि १९३६ मध्ये मोटारीसाठी खास हिवाळी टायर काढले: खोल, रुंद खाचांचे, बर्फ दाबून धरणारे. कारण बर्फाला सर्वांत चांगला चिकटतो तो बर्फच. खाचेत भरलेला भुसभुशीत बर्फ खालच्या बर्फाला धरतो. ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा निसरड्या पाण्याचा पापुद्रा पुसून घेतात.

तिसरा मार्ग डोळ्यांना दिसत नाही, आणि तोच महत्त्वाचा आहे: रबर. साध्या टायरचे मिश्रण उन्हाळ्यासाठी बेतलेले असते; साधारण ७ अंशांखाली ते ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत शिरत नाही. हिवाळी मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे ठेवतात की थंडीतही ते मऊ राहते. आमच्या गाडीचे टायर नवे होते, नक्षी खोल होती, तरी घसरले, कारण रबर मैदानातले होते. उलट हेच मऊ टायर घेऊन बनारसच्या मे महिन्यात फिराल, तर ते भराभर झिजतील आणि ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबेल. म्हणून इथल्या विद्यार्थ्याने हौसेखातर ते घेऊ नयेत. धुक्यासाठी टायर नव्हे, वेग बदलावा लागतो.

नोकरीसाठी लडाखला, किंवा जर्मनीला-कॅनडाला जाणाऱ्यांसाठी एवढे सांगतो. टायरच्या बाजूला नुसते 'एम प्लस एस' असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका; ते चिखल-बर्फाच्या नक्षीचे चिन्ह आहे, कसोटीचे नव्हे. तीन शिखरांच्या डोंगरात हिमपुष्प असे चिन्ह पाहा. ते बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून हेच चिन्ह चालते. चारही टायर एकाच जातीचे घ्या. पुढे दोनच घातले तर वळणावर मागची बाजू बाहेर जाते. गोटा झालेला हिवाळी टायर हिवाळी राहत नाही. ऑस्ट्रियात तर रेडियल टायरची नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की त्याला हिवाळी टायर मानतच नाहीत.

आणि टायर कितीही चांगला असला तरी हे आकडे मोजून पाहा. घर्षणांक ०.८ असलेल्या कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. बर्फावर, घर्षणांक ०.१ धरला तर, तिला ९८ मीटर लागतात. वेग ३० वर आणला तर ३५ मीटर. आमचा तो पूल साधारण वीस मीटर लांबीचा असावा.