शेगडी, बंब, गॅस गिझर वापरताय? घरातला अलार्म महिन्यातून एकदा वाजवून बघा

थंडी वाढली की खोलीत शेगडी येते, न्हाणीत बंब पेटतो, नव्या घरांत गॅस गिझर सुरू होतो. दारं-खिडक्या मात्र घट्ट बंद. अशा बंद जागेत कोळसा, लाकूड किंवा गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. अशा वेळी अलार्म जीव वाचवू शकतो, पण तो चालू असेल तरच.

तीन अलार्म, तीन कामं

• धुराचा अलार्म : धूर वर जातो, म्हणून हा छताला लावायचा. चूल किंवा गॅसच्या शेगडीपासून किमान १० फूट लांब, पंख्याचा वारा लागणार नाही असा.

• गॅसगळतीचा अलार्म : सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. त्यामुळे हा जमिनीपासून साधारण एक फुटावर हवा.

• कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म : झोपायच्या खोलीत, पडदा किंवा कपाटामागे न झाकता. बाथरूममध्ये लावू नका, वाफेने खराब होतो. घेताना ईएन ५०२९१ हे मानक छापलंय का, ते बघा.

एकाचं काम दुसरा करत नाही. गॅसगळतीचा अलार्म शेगडीच्या विषारी वायूला ओळखत नाही, हे लक्षात ठेवा.

तपासणी कशी करायची?

१. लाइट बिल आलं की त्याच दिवशी ‘टेस्ट’चं बटण दाबा, म्हणजे महिना चुकत नाही. सगळ्यात आतल्या खोलीत दार लावून आवाज ऐकू येतो का, तेही बघा.

२. अर्ध्या-एक मिनिटाने एकच बारीक ‘टिक’ किंवा ‘बीप’ येत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी संपत आलेली असते. आवाजाचा त्रास होतो म्हणून सेल काढून ठेवू नका, नवा घाला.

३. नुसत्या लाइटवर चालणारा अलार्म लाइट गेली की बंद. भारनियमनाच्या गावात सेलवर चालणाराच घ्या.

४. बटण दाबून फक्त आवाज आणि आतली यंत्रणा तपासली जाते. आतला सेन्सर वयाने निकामी होतो. धुराचा अलार्म १० वर्षांनी बदलावा. बाकीच्या दोघांचं आयुष्य बहुतेक ५ ते १० वर्षं असतं. मागच्या बाजूची तारीख बघून ठेवा.

५. लायटरचा गॅस थेट सोडून तपासू नका, सेन्सर बिघडू शकतो.

साफसफाई

धूळ, कोळिष्टकं आणि चुलीची काजळी जाळीत बसली की अलार्म उगाच वाजतो किंवा वाजतच नाही. मऊ ब्रशने बाहेरून झटका. ओलं फडकं, साबण नको. झुरळ-डासांचा स्प्रे त्याच्याजवळ मारू नका. दिवाळीच्या रंगकामात अलार्मवर रंगाचा हात फिरवू नका.

अलार्म वाजला तर?

• कार्बन मोनॉक्साइड : आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या. घरातल्या एकाहून जास्त जणांना एकदम डोकेदुखी, चक्कर, मळमळ होत असेल तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. १०८ ला फोन करा.

• गॅसगळती : लाइटचं बटण चालू-बंद करू नका, काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवा.

• धूर : सामान वाचवत बसू नका. बाहेर पडा, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

अलार्म असला तरी शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर बसवावा. तसं शक्य नसेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळीला बसा. अलार्म हा राखणदार आहे, खिडकीची फट हा पहिला उपाय.