किलिंग जोकची दुसरी तबकडी आणि ‘गोवा’ नावाचे संगीत

इंदूरला अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरात आमचे एक नातलग राहतात. होळकरांच्या काळात तिकडे गेलेल्या अनेक मराठी घराण्यांपैकी हे एक. त्यांच्याकडे गेलो असताना घरातल्या कॉलेजकुमाराने मला विचारले, “काका, तुम्ही गोव्याचे. मग गोवा ट्रान्स तुम्हाला ठाऊक असेलच. ते तुमचे लोकसंगीत का?” मी ‘नाही’ म्हटले आणि गप्प बसलो. लोकसंगीत नाही हे खरे, पण मग ते आहे कोणाचे? माझ्यापुरते त्या प्रश्नाचे उत्तर मला एका इंग्रजी वाद्यवृंदाच्या १९८१ सालच्या तबकडीत सापडले. निदान अर्धे तरी सापडले.

त्या वाद्यवृंदाचे नाव किलिंग जोक. लंडनच्या नॉटिंग हिल भागात १९७० च्या दशकाच्या अगदी शेवटी चार पोरे एकत्र आली. जॅझ कोलमन गायचा आणि कीबोर्ड वाजवायचा, जॉर्डी वॉकर गिटारवर, पॉल फर्ग्युसन ड्रमवर आणि बेस गिटारवर मार्टिन ग्लोव्हर. या ग्लोव्हरला सगळे ‘युथ’ म्हणत. पंकची लाट ओसरली होती. तीन सूर आणि एक शिवी एवढ्यावर फार काळ भागत नाही हे ध्यानात आलेल्या मंडळींनी पुढे जे केले त्याला समीक्षकांनी पोस्ट-पंक हे नाव दिले. जॉय डिव्हिजन, गँग ऑफ फोर ही याच पंगतीतली. जमैकाचा डब, डिस्को, जर्मन यंत्रसंगीत, जे मिळेल ते त्यांनी ओढून आणले आणि बेस व ड्रम यांना पुढे बसवून गिटारला मागे सारले.

किलिंग जोकची पहिली तबकडी १९८० ची. दुसरी ‘व्हॉट्स धिस फॉर...!’ १९८१ मध्ये ई. जी. रेकॉर्ड्सने काढली. निर्मितीत त्यांच्या सोबतीला निक टॉबर होता. एकूण आठ गाणी. कोणत्याही कलाकाराची दुसरी तबकडी मी जास्त कान देऊन ऐकतो. पहिलीत वर्षानुवर्षे साठवलेले सगळे ओतलेले असते. दुसरीच्या वेळी कोठार रिकामे असते आणि माणूस मुळात काय आहे ते उघडे पडते. इथे उघडा पडला तो ठेका. फर्ग्युसन झांजांचा झगमगाट टाळून जाड तोंडाच्या ढोलांवर तोच तो आघात करत राहतो. गाणे कुठे ‘जात’ नाही, एका जागी घुमत राहते. कोलमनचा आवाज गाण्यापेक्षा आरोळीच्या जवळचा. अणुयुद्धाची धास्ती, थॅचरबाईंचे राज्य, त्याच वर्षी ब्रिक्स्टनमध्ये उसळलेली दंगल, हे सगळे त्या वातावरणात होतेच. आणि ‘फॉलो द लीडर्स’ या गाण्यात तर ढोलाखाली विजेच्या यंत्राची एकसारखी धडधड येते. रागावलेल्या लोकांचे हे गाणे नाचण्याच्या क्लबांत वाजू लागले!

मला इथे आपले घुमट आठवल्याशिवाय राहात नाही. चवथीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कासाळे एकत्र येतात तेव्हा लय हळूहळू चढत जाते, शेवटी घर हादरते आणि मग मोकळे होते. किलिंग जोकच्या ठेक्यात हे मोकळे होणे नाही. ताण बांधायचा आणि सोडायचाच नाही. (त्यांच्या एका गाण्याचे नावच ‘टेन्शन’ आहे.) पुढे गोवा ट्रान्समध्येही हेच दिसते. मिनिटाला साधारण १४० ते १५० ठोके, रात्रभर, लय न वाढवता.

मध्ये काय घडले? १९८२ साली जगबुडी आता येणारच अशा समजुतीने कोलमन आइसलँडला निघून गेला. युथ वाद्यवृंदातून बाहेर पडला आणि कालांतराने रेकॉर्डिंगच्या तंत्रात मुरला. तो गोव्यात आला, इथल्या किनाऱ्यावरच्या पार्ट्या त्याने ऐकल्या. हणजुणला तोवर हिप्पींची गिटार मागे पडली होती. ८० च्या दशकात डीजे मंडळी युरोपातली यंत्रसंगीताची गाणी कॅसेटवर आणून, त्यांतले गायन शक्यतो कापून वाजवत होती. तबकड्या इथल्या उन्हात वाकतात, म्हणून कॅसेट आणि नंतर डॅट टेप. लंडनला परतल्यावर, ९० च्या दशकाच्या आरंभी, युथने ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. त्याच्याच स्टुडिओत तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या सायमन पॉसफर्डने ‘हॅलुसिनोजेन’ या नावाने केलेली ‘ट्विस्टेड’ ही तबकडी १९९५ मध्ये तिथूनच निघाली. आज या प्रकारातल्या अव्वल कृतींत तिची गणना होते.

म्हणजे पोस्ट-पंकचा बेस वाजवणारा हातच पुढे ‘गोवा’ हे लेबल जगभरच्या दुकानांत चिकटवणाऱ्यांत होता. इतरही अनेक हात होते, एकट्या युथला श्रेय देणे चूक ठरेल. पण ‘व्हॉट्स धिस फॉर...!’ ऐकल्यावर, हे संगीत हणजुणच्या वाळूत आकाशातून पडले ही दंतकथा टिकत नाही. त्याचे बरेचसे सामान बाहेरून आले. गोव्याने जागा दिली, हवा दिली, मोकळीक दिली आणि नाव दिले. घुमटाचा एक थेंबही त्यात नाही. याचा राग यावा असे मला वाटत नाही, आणि अभिमान धरण्यासारखेही त्यात फारसे दिसत नाही.

खंत आहे ती दुसरीच. आमच्या मराठी वर्तमानपत्रांत हा विषय मला नेहमी अमली पदार्थांवरचे छापे आणि रात्री दहानंतरचा आवाज या बातम्यांतूनच भेटला. छापे खोटे नव्हते, आवाजाचा त्रासही खोटा नव्हता. पण संगीत म्हणून कोणी त्याकडे पाहिले नाही. इतिहास लिहिला तो इंग्रजीत, बाहेरून आलेल्यांनी, आणि त्यात आम्ही नारळाच्या झाडासारखे पार्श्वभूमीला उभे. गोवा गिल ऑक्टोबर २०२३ मध्ये वारला, जॉर्डी वॉकर त्यानंतर महिन्याभराने प्रागमध्ये. दोघांवरही जगभर लेख आले.

त्या पार्ट्यांच्या कडेला हणजुण-वागातोरच्या बायका चटया अंथरून, रॉकेलच्या दिव्यावर रात्रभर चहा आणि आमलेट विकत बसायच्या. पहाटेपर्यंत, महिनोनमहिने. हे संगीत त्यांच्याइतके लंडनच्या कुठल्या समीक्षकानेही ऐकले नसेल. त्यांतल्या काहीजणी अजून गावात आहेत. त्यांना ते कसे वाटत होते, हे त्यांना अद्याप कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.