तारांच्या जंजाळातला द्राविडी प्राणायाम

नाक धरायचे असेल तर हात समोरून न्यावा, हे कुणालाही सांगावे लागत नाही. तोच हात मानेमागून फिरवून नाकापर्यंत नेला की मराठीत त्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. संगणकाच्या आज्ञावलींतही असे प्राणायाम भरपूर घडतात आणि त्यांना तिकडे ‘रूब गोल्डबर्ग कोड’ असे नाव आहे. उत्तर बरोबर येते, परंतु तिथवर पोचण्याचा मार्ग पाहून जाणकाराला हसू आवरत नाही. मजकुराऐवजी चित्रांनी लिहिल्या जाणाऱ्या, अर्थात ग्राफिकल, संगणकभाषांत तर हा प्रकार विशेष खुलतो. कारण तेथे तो अक्षरशः डोळ्यांना दिसतो.

ज्याच्या नावाने ही आज्ञावली ओळखली जाते तो रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) हा अमेरिकन व्यंगचित्रकार. १९०४ साली बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्याने अभियांत्रिकीची पदवी घेतली, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाणी व मलनिस्सारण खात्यात काही महिने नोकरी केली आणि मग ती सोडून तो वृत्तपत्रात शिरला. जेवताना हनुवटी पुसण्यासाठी त्याने चितारलेले यंत्र प्रसिद्ध आहे. सूप पिण्यासाठी चमचा उचलला की दोरी ओढली जाते, पळी बिस्किट भिरकावते, पोपट त्यामागे झेपावतो, दांडी कलते, दाणे बादलीत सांडतात, वजनाने लायटर पेटतो, त्याने अग्निबाण सुटतो, बाणाला बांधलेला विळा दोरी कापतो आणि अखेर लंबकाला अडकवलेला रुमाल हनुवटीवरून फिरतो. अशा खटाटोपाला ‘रूब गोल्डबर्ग’ हे विशेषण १९३१ पासून अमेरिकन शब्दकोशातच दाखल झाले.

चित्रमय भाषांत अभियंत्यांच्या सर्वाधिक परिचयाची भाषा म्हणजे ‘लॅबव्ह्यू’. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९७६ साली जेम्स ट्रुचार्ड, जेफ कोडॉस्की आणि बिल नॉवलिन यांनी स्थापन केलेल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ती १९८६ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आणली. २०२३ पासून ही कंपनी एमर्सनच्या मालकीची आहे. लॅबव्ह्यूत आज्ञा टंकायच्या नसतात. बेरीज, तुलना, फाइल लिहिणे अशा प्रत्येक कृतीचा एक ठोकळा असतो आणि ठोकळे तारांनी जोडायचे असतात. तारेचा रंग आतून काय वाहते ते सांगतो: दशांश संख्येला नारिंगी, पूर्णांकाला निळा, खरे-खोटेला हिरवा, मजकुराला गुलाबी. ठोकळ्याला लागणारी सगळी माहिती तारांतून पोचली की तो आपोआप चालतो. क्रम ओळींनी नव्हे, तर माहितीच्या प्रवाहाने ठरतो.

या भाषेतले विनोद आता तिच्या वापरकर्त्यांत जवळपास पाठ झाले आहेत. एक हिरवी तार येते. तिच्यात ‘खरे’ किंवा ‘खोटे’ वाहते. ती ‘खरे’ या स्थिरांकाशी ताडून पाहिली जाते आणि निकाल एका पर्यायांच्या चौकटीत जातो. चौकटीच्या एका पानावर ‘खरे’ लिहिलेले असते, दुसऱ्यावर ‘खोटे’, आणि बाहेर पडणारी तार पुन्हा तेच घेऊन निघते जे आत आले होते. तीन ठोकळे, दोन पाने आणि काम शून्य; एक सरळ तार पुरली असती.

दुसरा नमुना असा: संख्या ऋण आहे की नाही हे पाहायचे आहे. त्यासाठी शून्याशी तुलना करणारा ठोकळा तयार आहे. पण प्राणायामी प्रोग्रामर संख्येचे मजकुरात रूपांतर करतो, त्या मजकुराचे पहिले अक्षर कापून काढतो आणि ते उणे चिन्ह आहे का, हे तपासतो. एखादा यादीत किती घटक आहेत हे कळावे म्हणून लूप लावून एकेक घटक मोजतो, जरी यादीची लांबी सांगणारा ठोकळा हाताशी असतो. काही ठिकाणी लूप असतो, पण तो एकदाच फिरतो. काही ठिकाणी महिन्याच्या नावासाठी एकात एक बारा चौकटी बसवलेल्या आढळतात. बाहेरून उघडत आत जावे तो डिसेंबर सापडावा, जणू कांद्याचे पापुद्रे.

यात हसण्यासारखे बरेच आहे, पण सारेच निरुपद्रवी नाही. लूपच्या प्रत्येक फेरीत यादीच्या शेवटी एक घटक जोडण्याची सवय घ्या. यादी वाढताना दर वेळी ती नव्या जागी हलवावी लागली, तर दहा हजार घटकांसाठी एकूण सुमारे पाच कोटी घटकांची ने-आण होते. टेबलावरच्या पाच मिनिटांच्या चाचणीत हे जाणवत नाही. तीच आज्ञावली रात्रभर मोजमाप घेत राहिली की संगणक मंदावतो, आणि कधी पहाटे स्मृती संपून बंदच पडतो.

त्याहून घातक चूक दिसायला अगदी नीटनेटकी असते. लांब तारा ओढण्याचा कंटाळा आला की नवशिका ‘लोकल व्हेरिएबल’ वापरतो, म्हणजे तार न जोडता दुरूनच किंमत वाचायची वा लिहायची. चित्र स्वच्छ होते, परंतु कोणी आधी चालावे हे ठरवणारी तारच नाहीशी होते. समजा, दोन लूप एकाच वेळी चालू आहेत आणि दोघेही एकाच मोजणीत एकेक भर घालतात. दोघांनीही १० वाचले, दोघांनीही ११ लिहिले. व्हायला हवे होते १२. चूक प्रत्येक वेळी होत नाही, म्हणून ती सापडतही नाही, आणि अहवालात मात्र चुकीचा आकडा निमूटपणे छापला जातो. कण-भौतिकीच्या ‘सर्न’ संस्थेत लार्ज हेड्रॉन कोलायडरच्या कणशलाका आवरणाऱ्या कोलिमेटरांच्या नियंत्रणासाठी लॅबव्ह्यू वापरली गेली आहे. अशा जागी आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

एवढे प्राणायाम याच भाषेत का? तिचे वापरकर्ते बहुधा प्रोग्रामर नसतात, हे एक कारण. कोणी पदार्थविज्ञानाचा संशोधक, कोणी मोटारीच्या भागांची चाचणी घेणारा अभियंता. महाराष्ट्रातील इन्स्ट्रुमेंटेशन शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांचीही या भाषेशी पहिली ओळख प्रयोगशाळेतच होते. उपकरण चालू करून आकडे मिळवणे हे त्यांचे ध्येय. ठोकळ्यांचा खजिना धुंडाळायला सवड नसते. जो ठोकळा ठाऊक नाही तो मग ठाऊक असलेल्या दहांतून उभा केला जातो. संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातो, आणि मागे उरलेले ते चित्र उलगडण्याची पाळी पुढच्यावर येते. त्यात हसणाऱ्या जाणकारानेही आपले पहिले काम बहुधा असेच केलेले असते.

चित्रांनी प्रोग्रामिंग सोपे होईल, या आशेवर शंका घेणारेही आरंभापासून होते. लॅबव्ह्यू अवतरली त्याच १९८६ साली फ्रेड ब्रुक्स यांनी ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात म्हटले की सॉफ्टवेअरचे चित्र काढणे मुळातच अवघड आहे आणि पडदेही त्यासाठी अपुरे आहेत. पडदे पुढे मोठे झाले; चित्रे त्याहून मोठी झाली. मजकुरी भाषांत गुंतागुंतीच्या आज्ञावलीला ‘स्पॅगेटी’ म्हणतात ते उपमेने. लॅबव्ह्यूत मात्र एकमेकींवरून, ठोकळ्यांखालून, कधी उलट दिशेने धावणाऱ्या रंगीत तारा पाहिल्या की शेवयांची थाळीच पुढे आल्याचा भास होतो. एक चित्र एका पडद्यात मावावे आणि तारा डावीकडून उजवीकडे वाहाव्यात, हा या भाषेतला जुना संकेत. तो पाळणे कठीण नाही. मोठ्या कामाचे तुकडे करून प्रत्येकाचा स्वतंत्र ठोकळा बनवण्याची सोय भाषेत आहे.

लेगोच्या ‘माइंडस्टॉर्म्स एनएक्सटी’ या यंत्रमानव-संचासाठी २००६ मध्ये जी ठोकळ्यांची भाषा आली तीही लॅबव्ह्यूवरच बेतलेली होती. त्यामुळे शाळकरी मुलांनाही या आनंदाचा लाभ झाला.

तारांचा गुंता आपोआप सोडवणारे बटण २००८ साली लॅबव्ह्यूच्या ८.६ या आवृत्तीत आले. ते दाबताच ठोकळे ओळीत बसतात आणि तारा सरळ होतात. बारा महिन्यांच्या बारा चौकटी मात्र बाराच राहतात, फक्त सुबक दिसतात.