दोन आकड्यांचा पत्ता

आम्ही खारदांड्याच्या बचत गटातल्या. सुकट, सुके बोंबील, कोळी मसाला यांच्या ऑर्डरी आम्हाला फोनवर येतात आणि प्रत्येक वेळी समोरून एकच मागणी असते, "ताई, लोकेशन पाठवा." आम्ही गुगल मॅप्सवरून पाठवतो. घ्यायला येणाऱ्याच्या फोनमध्ये मॅपल्स असतं, नाहीतर आयफोनमधला ॲपलचा नकाशा. मग कधी आमची लिंक त्याच्या नकाशात उघडत नाही, कधी बोळाऐवजी नुसतं 'खार' दिसतं. माल तासभर उशिरा गेला तर चालेल एकवेळ. पण रात्री ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आली तर?

ठिकाण नेमकं सांगायचं काम आमच्या गावाला नवीन नाही. डोल जाळं समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात. भर पाण्यात तीच जागा पुन्हा सापडायची कशी? किनाऱ्यावरचं देऊळ आणि त्यामागची टेकडी एका रेषेत धरायची, दुसऱ्या बाजूला अशीच दुसरी जोडी धरायची. दोन रेषा मिळतात तिथे होडी थांबवायची. पण ही खूण दांड्याची. वेसाव्याच्या नाखव्याच्या खुणा वेगळ्या. प्रत्येक ॲपची लिंक अशीच, आपल्या घरापुरती.

सगळ्या जगाला कळणारी खूण म्हणजे अक्षांश आणि रेखांश. शाळेत आपण हे पाठ करून विसरलो. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ जमीन मोजायला सुरुवात केली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत ती मोजणी पुढे हिमालयापर्यंत गेली. अक्षांशाचा प्रश्न सोपा होता, तो विषुववृत्तापासून मोजायचा. रेखांशाला मात्र अशी सुरुवातीची रेषा निसर्गाने दिलेलीच नाही. इंग्रज ग्रीनिचपासून मोजत, फ्रेंच पॅरिसपासून. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच ठरलं. फ्रान्स तटस्थ राहिला आणि पॅरिसची वेळ त्याने १९११ पर्यंत सोडली नाही. हट्ट बायकांचाच असतो म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं आणि पत्त्यावरच्या वेगवेगळ्या भाषा यांतून त्यांनी वाट काढली. पण पिनकोड पत्राला पोस्टापर्यंत आणतो. दारापर्यंत आणणारा पोस्टमनच.

दारापर्यंतचा आकडा आकाशातून आला. जीपीएस हे अमेरिकेच्या सैन्याचं साधन. १९८३ मध्ये वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर हे साधन सामान्यांनाही देऊ, असं अमेरिकेने जाहीर केलं. तरी सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक ठेवलेली असे, ती मे २००० मध्ये काढली. आता आमच्या होड्यांवरही जीपीएस आहे आणि त्यात साठवतात ते हेच दोन आकडे.

म्हणून मैत्रिणींनो, लिंकबरोबर आकडेही पाठवा. गुगल मॅप्समध्ये आपल्या दारावर बोट दाबून धरा, लाल खूण पडेल आणि दोन आकडे दिसतील. ते कॉपी करून मेसेजमध्ये टाका. समोरच्याने ते आपल्या नकाशाच्या शोधाच्या चौकटीत टाकले की झालं, ॲप कुठलंही असो.

क्रम मात्र सांभाळा. आमचा पहिला आकडा १९ ने सुरू होतो, दुसरा ७२ ने. उलटे टाकले तर डिलिव्हरीवाला नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! दशांश चिन्हापुढचे आकडेही तोडू नका. दोनच ठेवले तर किलोमीटरभर फरक पडतो, चार ठेवले तर साधारण ११ मीटर. मोकळ्या शेतावर ११ मीटर काहीच नाहीत, आमच्या बोळात तेवढ्यात तीन घरं बसतात. म्हणून पाच ठेवा. आणि घराचे आकडे मोठ्या ग्रुपवर टाकू नका, ज्याला यायचं आहे त्यालाच द्या.

आमच्या गटाने आता बिलबुकावर पिनकोडच्या शेजारी हे दोन आकडे छापून घेतलेत. ज्या घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई आहे, तिथे ते दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवायचं काम सुरू आहे.