चढाईची किंमत: सिद्धार्थ देसाई आणि व्यावसायिक कबड्डीची पहिली दहा वर्षे

दिवाळी सरली, धान खळ्यावर आले, की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. रात्री दंडार आणि नाटक, दिवसा कबड्डीचे सामने. झाडीपट्टीतील या मैदानांवर रोख बक्षिसासाठी खेळणारा चढाईपटू लीग जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्याच्या अंगाची जाहीर बोली मात्र कधी लागली नव्हती. ती लागू लागल्यावर काय झाले, त्याचा हा धागा.

खेळाला सरकारी मान्यतेची आणि नियमांची ओळख विदर्भाला नवी नव्हती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले होते. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ झाली. तरीही खेळाडूची खरी मिळकत म्हणजे खेळाच्या जोरावर रेल्वेत, पोलिसांत किंवा एखाद्या कंपनीत लागलेली नोकरी. गुडघा गेला तरी महिन्याचा पगार जात नसे.

26 जुलै 2014 रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा हिशोब पालटला. पहिल्या लिलावातील सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, 12 लाख 80 हजार रुपयांची. आज तो आकडा किरकोळ वाटतो. तेव्हा खेळाडूंनाही तो खरा वाटला नसेल.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात हुंदळेवाडी नावाचे गाव आहे. सिद्धार्थ देसाई तिथला. थोरला भाऊ सूरज हाही चढाईपटू. 2018 च्या सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने सिद्धार्थला 36 लाख 40 हजारांना घेतले, तेव्हा लीगच्या प्रेक्षकांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. पहिल्याच सामन्यात, पुणेरी पलटणविरुद्धच्या 32-32 अशा बरोबरीत, त्याने दहाहून अधिक गुण आणले. चौथ्या सामन्यात चढाईचे 50 गुण पूर्ण झाले. इतक्या कमी सामन्यांत तो टप्पा त्याआधी कोणी गाठला नव्हता. हंगामाअखेर 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण. प्रेक्षक त्याला ‘बाहुबली’ म्हणू लागले.

हे नाव त्याच्या शैलीतून आले. चढाईपटू दोन प्रकारचे असतात: एक निसटणारे, दुसरे ओढून नेणारे. पहिला बोटाने स्पर्श करून पळतो. दुसरा पकडीत सापडतो, कमरेला एक, मांडीला एक असे बचावपटू लटकलेले असताना मध्यरेषेकडे सरकतो आणि हात पुढे टाकून रेषा गाठतो. सिद्धार्थ या दुसऱ्या पंथाचा. अशा चढाईत गुण भरघोस मिळतात, कारण जितके लटकले तितके बाद. पण त्या सगळ्यांचे वजन जाते खांद्यावर आणि गुडघ्यावर. गुणफलकावर त्याची नोंद नसते.

अमेरिकन फुटबॉलमधील ‘रनिंग बॅक’चे कामही हेच: चेंडू कवटाळून आडव्या येणाऱ्या देहांच्या भिंतीतून वाट काढणे. त्या खेळाचा पहिला मोठा व्यावसायिक तारा रेड ग्रेंज. नोव्हेंबर 1925 मध्ये महाविद्यालयीन खेळ संपवून तो काही दिवसांतच शिकागो बेअर्सकडून उतरला आणि लोकांची झुंबड उडाली. 1927 मध्ये त्याचा गुडघा दुखावला. 1928 चा पूर्ण हंगाम गेला. 1929 मध्ये तो बेअर्सकडे परतला आणि 1934 पर्यंत खेळला. पण पूर्वीची धाव उरली नव्हती, म्हणून बचावात अधिक उपयोगी पडला. लोकांनी तिकीट काढले होते ते मात्र त्या जुन्या धावेसाठी.

सिद्धार्थची बोली 2019 मध्ये 1 कोटी 45 लाखांवर गेली. त्या लिलावातील ती सर्वोच्च. तेलुगू टायटन्सकडून त्याने पुन्हा दोनशेहून अधिक गुण मिळवले, सूरजही त्याच संघात आला, आणि तरी संघ तळाजवळच राहिला. एका चढाईपटूवर तिजोरी रिती करण्याचा हा दोष अनेक संघांनी नंतरही गिरवला. 2021 मध्ये टायटन्सने त्याला 1 कोटी 30 लाखांना राखले. करोनामुळे बंगळुरूत बंदिस्त खेळल्या गेलेल्या त्या हंगामात तीन सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने तो बाहेर पडला.

तो एकटाच नव्हे. 2022 मध्ये पवन सेहरावतवर तमिळ थलायवाजने 2 कोटी 26 लाख लावले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. पुढच्या वर्षी तरीही त्याची बोली 2 कोटी 60 लाखांपलीकडे गेली. बाजार दुखापत विसरतो, पण सगळ्यांची नाही.

सिद्धार्थ 2023 मध्ये हरयाणा स्टीलर्सकडे गेला, 1 कोटीला. तो संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि 1 मार्च 2024 रोजी पुणेरी पलटणकडून हरला. त्याच वर्षीच्या लिलावात दबंग दिल्लीने त्याला घेतले, तेव्हा किंमत 2019 च्या बोलीच्या पाव भागाहूनही खाली होती. पहिल्यांदा यू मुंबाने मोजले होते, त्याहूनही कमी.