हसलं कोण, आणि कोणावर?

मी मूळची कासूची. पनवेल-रोहा मार्गावर पेण गेलं की आमचं स्टेशन, मग नागोठणे. घरी आगरी बोली. एम.एस्सी.ला होस्टेलवर राहायला गेले आणि पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये सहज ‘पानी दे’ म्हणाले. समोरच्या मुलीने टीव्हीवरच्या एका विनोदी नोकराचा आवाज काढून तोच शब्द परत म्हणून दाखवला. सगळे हसले. मीही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून ‘पाणी’ म्हणायला लागले.

ते सगळे नक्की कशावर हसले होते? विनोदाने पूर्वग्रह कमी होतो की पक्का होतो? ‘विनोद समाजाचे डोळे उघडतो’ असं आपण निबंधात बिनधास्त लिहितो. संशोधनात मात्र ‘कशावरून?’ असं विचारावं लागतं. आज त्यासाठी दोन मालिका घेऊ.

पहिली आपली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या दशकाच्या उत्तरार्धात, कृष्णधवल पडद्यावर, ‘चिमणराव’ आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ कथा चिं. वि. जोशींच्या (१८९२-१९६३). बडोद्यात पाली शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने पुण्यातला पांढरपेशा मध्यमवर्ग आतून पाहिला होता. कथांमध्ये चिमणराव स्वतःच आपली हकिगत सांगतो. तो स्वतःला शहाणा समजतो, आणि त्याच्याच तोंडून त्याची फजिती आपल्याला कळते. म्हणजे इथे लेखक ज्या वर्गातला, टोपीही त्याच वर्गाची उडवलेली. दुसऱ्या जातीच्या किंवा दुसऱ्या बोलीच्या माणसाला हसून मिळवलेला हा विनोद नाही, हे त्याचं मोठेपण. पण त्याची मर्यादाही तिथेच आहे. घरातलं भांडण घरातच राहतं. उंबऱ्याबाहेरच्या माणसाकडे हे घर कसं बघतं, हा प्रश्न फारसा येत नाही.

दुसऱ्या मालिकेने नेमका तोच प्रश्न घरात आणला. ‘ऑल इन द फॅमिली’ १२ जानेवारी १९७१ रोजी अमेरिकेत सीबीएसवर सुरू झाली. निर्माता नॉर्मन लिअर. मूळ कल्पना बीबीसीवरच्या ‘टिल डेथ अस डू पार्ट’ या जॉनी स्पाइटच्या मालिकेची. नायक आर्ची बंकर हा न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा कामगार. कृष्णवर्णीय, ज्यू, स्थलांतरित, बायका, सगळ्यांबद्दल त्याची ठाम आणि चुकीची मतं. जावई माइक उदारमतवादी. दोघांची रोज जुंपते. आर्चीचं अज्ञान उघडं पडेल आणि प्रेक्षक स्वतःकडे बघतील, ही निर्मात्याची अपेक्षा. मालिका सलग पाच हंगाम लोकप्रियतेत पहिली राहिली. पण त्याच १९७१ मध्ये लेखिका लॉरा हॉब्सन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये शंका काढली: असा गोड, लाडका पूर्वग्रही माणूस दाखवून तुम्ही पूर्वग्रहच गोड करत नाही ना? लिअर यांनी उत्तर दिलं. वाद रंगला, पण दोन्हीकडे पुरावा कमी आणि मतं जास्त.

पुरावा नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी शोधला. त्यांचा निबंध १९७४ चा. अमेरिकेतली किशोरवयीन मुलं आणि कॅनडातले प्रौढ यांना त्यांनी प्रश्नावली दिली. प्रत्येकाचा पूर्वग्रह मोजला आणि मालिकेबद्दलही विचारलं. मालिका आवडण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. फरक होता तो आकलनात. जास्त पूर्वग्रह असलेल्यांना माइकपेक्षा आर्ची आवडत होता, आणि शेवटी जिंकतो तोच, असंही त्यांना वाटत होतं. विनोद एकच, पण प्रत्येकाने आपल्याला हवा तो ऐकला. यालाच निवडक आकलन म्हणतात.

आता यातून आपल्या कामाचं काय?

एक: लेखकाचा हेतू, कलाकृतीतला मजकूर आणि प्रेक्षकाचं आकलन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखतीवरून हेतू कळेल, संहितेवरून मजकूर. प्रेक्षक कळायला प्रेक्षकाकडेच जावं लागतं. वर मी ‘चिमणराव’बद्दल जे लिहिलं ते मजकुराबद्दल आहे. त्यावरून १९७० च्या दशकातला प्रेक्षक बदलला, असं मी म्हणू शकत नाही.

दोन: एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणातून कारण सिद्ध होत नाही. मालिकेमुळे पूर्वग्रह वाढला, असं विडमार-रोकीच यांच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. पूर्वग्रह आधीच होता आणि त्याने मालिका वाचायचा चष्मा दिला, असं म्हणता येतं. परिणाम मोजायचा तर आधी आणि नंतर मोजायला हवं, शिवाय तुलनेसाठी मालिका न पाहिलेला गट हवा.

तीन: ज्याच्यावर विनोद होतो त्यालाही नमुन्यात घ्या. आपल्याकडे बोलीवरच्या विनोदाबद्दल लिहिताना हसणाऱ्यांना विचारलं जातं, बोलणारा राहून जातो.

मेसमधली ती मुलगी आज माझी चांगली मैत्रीण आहे. मध्यंतरी तिला विचारलं. ती म्हणाली, “अगं, मी त्या नटाची नक्कल केली होती, तुझी नाही.” ती खरं बोलत असणार. मलाही जे ऐकू आलं ते खरंच होतं. दोन माणसांच्या आठवणीवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळतं. पण चांगला संशोधनप्रश्न मिळू शकतो. तुमच्या प्रस्तावात ‘विनोदातून प्रबोधन’ असं वाक्य असेल, तर त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहा: कोणाचं, आणि ते मोजणार कसं?

मी अजून डिपार्टमेंटमध्ये ‘पाणी’ म्हणते. कासूला उतरले की ‘पानी’.